गळती कशी थांबली

रेडिएटरचे चारही बोल्ट निघाले, तेव्हा सकाळचे आठ वाजले होते आणि अंगणातली फरशी तापू लागली होती. अनंतने प्रत्येक बोल्ट पुठ्ठ्यावर काढलेल्या आकृतीत ज्याच्या त्याच्या जागी खोचून ठेवला. नागपूरहून मागवलेला नवा रेडिएटर गवत भरलेल्या खोक्यात शेजारीच पडला होता.

ओट्यावर बसलेले त्याचे वडील, बापूजी, तिसऱ्यांदा म्हणाले, "उगाच खोलून राह्यलास. पाणी टाकत गेलं की चालते ती."

"दर चार मैलांवर उकळते, बापूजी."

बापूजींनी पांढरकवड्याच्या कोर्टात तीस वर्षे वकिली केली होती. युक्तिवाद संपला की गप्प बसावे, हे त्यांना ठाऊक होते. तरी आज त्यांचा पाय हलायचा थांबत नव्हता.

अनंतची बायको कुंदा ताक घेऊन आली. जुना रेडिएटर दोन्ही हातांनी उचलत अनंत म्हणाला, "कुंदा, हाच तो."

"सतरा वेळा ऐकलं जी. करंजीच्या अलीकडे गाडी थांबली, तुम्ही विहिरीवर पाणी आणायला गेले, अन् परत येईतो मामंजींनी गळती बंद केली होती."

"जवळ साधा पानासुद्धा नव्हता. नागपुरात कॉलेजच्या मुलाखतीत मी हेच सांगितलं. साहेबांनी विचारलं, वडिलांनी गळती थांबवली कशी? मला सांगता येईना. ते म्हणाले, मग ये इथे, शिकून घे."

"मग शिकल्यावर तरी कळलं का?"

"नाही. आणि बापूजी सांगत नाहीत."

बापूजी उठून उभे राहिले. "झाला ना काढून? आज भंगारवाला बळीराम येते आळीत. देऊन टाक त्याले."

"दोष कळल्याशिवाय भाग टाकायचा नाही, असं शिकवलंय आम्हाला."

अनंतने कढत पाण्यात धुण्याचा सोडा विरघळवला, ते पाणी रेडिएटरमध्ये ओतले, दोन्ही तोंडे बंद केली आणि दोनशे आकडे मोजेपर्यंत तो हलवला. मग घमेल्यावर पालथा धरला. आधी गंज आला. मागोमाग ओल्या मुरमासारखा एक गोळा पडला. तो पाण्यात फुटला आणि घमेल्यातले पाणी हळूहळू लाल होत गेले.

अनंतने चिमूटभर गाळ बोटांत चोळून पाहिला. गंजाला हा रंग येत नाही. त्याच्या एकाही पुस्तकात असा गाळ नव्हता.

कुंदा खाली वाकली. "हळदीच्या डागाला सोडा लागला की अस्संच होते." ती थांबली आणि तिने स्वयंपाकघराकडे पाहिले. "म्हणजे दर महिन्याला डब्यातली हळद... अगं बाई! अन् मी शेजारच्या विमलताईंना विचारून आले, उंदीर हळद खातात काय म्हणून!"

बापूजी ओट्याच्या कडेवर पुन्हा बसले.

"रामीबाई नाव होतं तिचं," ते म्हणाले. "तिथल्याच तांड्यातली. बाजार करून येत होती. थांबली, वाकून पाहिलं अन् ओढणीची गाठ सोडून हळदीची अर्धी पुडी आत ओतली. म्हणाली, माहा माणूस टरक चालवते, तो असंच करते. इंजन चालू ठेवा, आपोआप बुजते. अन् चालली गेली."

"मग मला का नाही सांगितलंत?"

"सांगणारच होतो. तू बादली घेऊन धावत आलास. खाली वाकून पाहिलंस अन् म्हणालास, बापूजी, तुम्ही?" त्यांनी घमेले पायाने थोडे दूर सारले. "तसं तू माझ्याकडे त्याआधी कधी पाहिलं नव्हतंस. मी हो म्हटलं. मग ते टिकवावं लागलं. दर महिन्याला एक चमचा."

१९५७ सालच्या जूनमधली ती सकाळ अनंतला लख्ख आठवली: हाताला रुतणारी बादलीची कडी, पोटरीवर हिंदकळणारे गार पाणी, आणि गाडीपाशी उभे असलेले, एकाएकी फार उंच दिसू लागलेले वडील. त्या एकेका चमच्यानेच आतल्या बारीक नळ्या सहा वर्षांत बुजत गेल्या होत्या, हेही त्याला आता समोर दिसत होते.

त्याने नवा रेडिएटर जागेवर बसवला. पुठ्ठ्यावरून एकेक बोल्ट उचलून आवळला, रबरी नळ्या जोडल्या, पाणी भरले आणि इंजिन अर्धा तास चालू ठेवले. कुठेही थेंब आला नाही, वाफ आली नाही. हात पुसून त्याने पुढचे दार उघडले.

"बसा, बापूजी. चालवून पाहायला हवी."

"किती लांब?"

"करंजीपर्यंत."

बापूजी आत गेले. परत आले तेव्हा त्यांनी भर उन्हाळ्यात कोर्टाचा काळा कोट घातला होता आणि दोन्ही हातांत हळदीचा पितळी डबा धरला होता, काठोकाठ भरलेला.

"मामंजी, डबा तेवढा परत आणा," कुंदा म्हणाली.

बापूजींनी डबा मांडीवर घेतला. गाडी फाटकाबाहेर पडली, तसे ते हळूच म्हणाले, "रामीबाईनं विचारलं, गाडीचं पुढे काय झालं, तर?"

"सांगा, सहा वर्षं गळली नाही."

रस्त्यावरचा पहिला खड्डा आला. बापूजींनी डब्याचे झाकण तळहाताने घट्ट दाबून धरले.