कुंदाला साथ

माउलींनो, जरा जवळ सरका, कुंदाची गोष्ट सांगतो. तारळेकरबुवांच्या कीर्तनात त्यांची ही लेक वीस वर्षं मृदंग वाजवायची. बुवा गेले आणि तिला साथीला कुणी बोलावेना.

मग तिने नुसत्या हातापायांनी वाजवायची एक नवी रचना बांधली. साताऱ्याच्या सभागृहात ती एकटीच उभी राहिली. टाचा मंचाच्या फळ्यांवर वाजत होत्या, तळहात मांडीवर नि छातीवर. लोक दगडासारखे गप्प होते. असलं संगीत तसंच ऐकतात म्हणे. मध्येच ती थांबली. रचनेत तिथे शांतता होती.

मागून गावच्या द्वारकाआत्यांनी खड्या आवाजात गजर केला, "विठ्ठल विठ्ठल!" बुवा थांबले की श्रोत्यांनी नाम उचलायचं, एवढंच त्यांना ठाऊक.

"आत्या, हे देऊळ नाही हो!" कुणीतरी दटावलं. लोक हसले.

"म्हणून काय पोरीला एकटं सोडायचं?"

कुंदाचे डोळे भरले. "आत्या, थांबू नका," ती म्हणाली आणि तिने टाच उचलली.

शेवटपर्यंत तो एकच आवाज तिच्यासोबत होता.

आत्या यंदा गेल्या. नाम घ्याल तेव्हा त्यांनाही आठवा.