तोंडावरचं कापड

लखनने डबा खिडकीत ठेवला आणि बापाच्या यंत्रमागासमोर जाऊन उभा राहिला.

सुरतजवळच्या उधन्याच्या त्या कारखान्यात माग सुरू असले की कानाशी ढोल बडवला तरी पत्ता लागत नाही. नवा कामगार घसा फोडून ओरडतो आणि चार दिवसांत शहाणा होतो. जुने लोक नुसते ओठ हलवतात, समोरचा ते वाचतो. घरातल्या भानगडी, पोरींची लग्नं, शेठच्या नावाने शिव्या, सगळं बिनबोभाट चालतं. शेठ शेजारी उभा असला तरी त्याला वाटतं, माणसं तंबाखू चघळताहेत. धुळीसाठी प्रत्येकाच्या गळ्यात रुमाल असतो खरा, पण तोंडावर कोणी बांधत नाही. बांधला तर बोलायचं कसं?

"फौजी आला रे!" पलीकडच्या मागावरून श्रीरंगचे ओठ हलले. हा मराठवाड्याचा, कायम थट्टेवर आलेला. "टीव्हीवर बघितलं आम्ही, तुमी एकाला धरला म्हणं. केलं का न्हाई त्या गड्याला बोलतं?" असं म्हणत त्याने हवेतच दोन थोबाडीत लगावून दाखवल्या. रांगेतले सगळे हसले. लखनही हसला. जिथे हसायचं असतं तिथे तो अजून हसत होता.

त्याचा बाप हिलाल मात्र हसला नाही. पोरगं रजेवर आल्यापासून ताटावर बसतं आणि नुसतं ताटाकडे बघत राहतं, हे त्याच्या नजरेतून सुटलं नव्हतं. आज संध्याकाळच्या गाडीने ते परत सीमेवर निघणार होतं. तुटलेला धागा जोडता जोडता हिलालने अहिराणीत विचारलं, "काय व्हयनं रे तुले?"

लखनला वाटलं, सांगायला याहून चांगली जागा मिळायची नाही.

त्याने सांगितलं. सावकाश, आवाज न करता, दुसऱ्या कोणाची हकीकत सांगावी तसं. एक माणूस पकडला होता. सुरुंग कुठे पेरलेत, ते त्याच्याकडून काढायचं होतं. ओरडणं बाहेर जाऊ नये म्हणून दाराशी जनरेटर लावून ठेवलेला. तोंडावर ओलं कापड टाकायचे आणि वरून पाणी ओतत राहायचे. त्या माणसाचा आवाजच गेला, ओठ तेवढे हलत राहिले. तेव्हा कोणाला तरी आठवलं, तो सुरतचा पोरगा ओठ वाचतो. बराकीत गंमत म्हणून दाखवलेली करामत ती. साहेबांनी बोलावून घेतलं. त्यांनी कापड काढलं की लखनने वाचायचं, एवढंच काम.

"मी हात बी नही लावा, आबा."

साहेब माणूस वाईट नव्हते. त्यांची एक गाडी सुरुंगावर उडाली होती आणि आतली पोरं त्यांनी स्वतः गोळा केली होती. एक ठिकाण कळलं तर पुढची गाडी वाचेल, असं ते म्हणायचे, आणि ते काही खोटं नव्हतं. पण तो माणूस म्हणायचा, माहीत नाही. लखन तेच सांगायचा. पुन्हा कापड, पुन्हा माहीत नाही. शेवटी शेवटी त्याचे ओठ नुसते थरथरत होते, त्यात शब्दच नव्हता. साहेबांनी विचारलं, काय म्हणतो? लखन म्हणाला, नाल्याकाठचं घर म्हणतो.

गस्तीवर जाता-येता दिसायचं, म्हणून ते घर तोंडात आलं. थांबावं एकदाचं, एवढीच त्याची इच्छा होती. आणि थांबलं. नाल्याकाठच्या घरात सुरुंग सापडला नाही, पण एक म्हातारा सापडला. मग त्यालाच उचलून त्या खोलीत आणला.

"त्या म्हाताराना बी आवाज गया," लखनचे ओठ म्हणाले. "साहेबना फोन उना, वाचाले लवकर ये." मग, "आते मी काय सांगू, आबा?"

हिलालच्या बोटांतून धागा सुटला. माग आपला चालतच होता आणि कापडावर एक उभी रेघ पडत चालली होती. हिलालचं तिकडे लक्ष नव्हतं. त्याची नजर लखनवरून बाजूच्या रांगेकडे गेली होती.

लखनने वळून पाहिलं. सगळी रांग त्याच्याकडे बघत होती. आवाज नाही म्हणजे कोणाला कळणार नाही, असं तो धरून चालला होता. लहानपणी डबा घेऊन येता-येता तो ही भाषा इथेच शिकला आणि एवढं मात्र विसरला, की या कारखान्यात प्रत्येक जण वाचतो.

श्रीरंगचा चेहरा पडला होता. त्याने गळ्यातला रुमाल वर ओढला आणि नाकातोंडावर बांधला. मग त्याच्या पलीकडच्या आनंदा विणकराने बांधला. मग भटूने. एकेक करत सगळे आपापल्या मागाकडे वळले.

लखनला आत काही होईल असं वाटलं होतं. झालं काहीच नाही. तो पुन्हा बापाकडे वळला.

"सांग ना, आबा."

हिलालचे डोळे भरून आले होते. त्याने दोन्ही हातांनी रुमाल वर घेतला आणि मानेमागे गाठ मारली, घट्ट. रुमालाखाली त्याचा जबडा हलू लागला. बराच वेळ हलत राहिला. पोराला तो काहीतरी सांगत होता, यात शंका नव्हती.

लखन त्या कापडाकडे बघत उभा राहिला. कोणीतरी ते काढेल, म्हणून तो सवयीने वाट बघत होता.