क्लचवरचा पाय

कचरूच्या गळ्यात दावं होतं. काल मेलेल्या गाईचंच. कुरणात गवत कापताना ती ट्रॅक्टरसमोर आडवी आली आणि कचरूला गाडी थांबवता आली नाही. आता दावं गळ्यात घालून पाच गावं भीक मागायची, वेस ओलांडल्यावर तोंडातून शब्द काढायचा नाही, मग दोष फिटतो. उंद्रीजवळच्या त्या गावात अजून तीच रीत होती.

तो निघालाच होता, पण भगवंतरावांनी थांबवलं. कुरण त्यांचं, ट्रॅक्टर त्यांचा, गायही त्यांचीच, आणि कचरू त्यांचाच गडी. तरी त्यांना उगाच कुणावर आळ घ्यायचा नव्हता.

"निवृत्तीले येऊ द्या," ते म्हणाले. "ट्रॅक्टर त्यानं निवडला, तोच सांगन. हा म्हणते, म्या क्लच दाबला होता. क्लच दाबल्यावर गाडी चालते काय?"

निवृत्ती आला. साऱ्या पंचक्रोशीत ट्रॅक्टर दोन-तीन, आणि त्यातलं कळणारा तो एकटा. सरकारी लिलावात घेतलेलं गवत कापायचं यंत्र चालवायला जुना ट्रॅक्टर हवा होता, तेव्हा भगवंतरावांनी त्यालाच सोबत नेलं होतं. दोन पाहिले. चिखलीचा चांगला होता. बीबी गावचा निवृत्तीच्या साडूचा, रंगरावाचा होता.

निवृत्तीने साडूचा निवडला. त्या ट्रॅक्टरची खोड त्याला पक्की ठाऊक होती. यंत्राची जड पाती एकदा भरात आली, की क्लच दाबला तरी फिरतच राहायची, आणि त्या जुन्या गाडीत त्यांचा जोर माघारी चाकांना लागायचा. गाडी पुढेच जायची. क्लच दाबताना गिअरही लगेच काढायचा, म्हणजे भीती नाही. एवढंच कचरूला सांगायचं होतं. पण सौद्याआधी सांगावं तर सौदा मोडतो, नंतर सांगावं तर लबाडी उघडी पडते. उद्या सांगू, उद्या सांगू करता करता महिना गेला होता.

ट्रॅक्टर कुरणात उभा होता. यंत्र सोडून बाजूला ठेवलेलं, त्याच्या पात्यांवर माशा घोंगावत होत्या.

"यंत्र जोडू काय, भाऊ?" कचरूने विचारलं.

आत्ता बोललो तर सुटलो, असं निवृत्तीला वाटलं. मग रंगरावाचं तोंड आठवलं, आणि स्वतःचं गावातलं नावही.

"नाही लागत," तो म्हणाला. म्हणताना त्याला स्वतःचीच शिसारी आली.

तो चढला, दहा पावलं गाडी नेली आणि क्लच दाबला. यंत्राविना गाडी गरीब गाईसारखी जागच्या जागी उभी राहिली.

"पाह्य," भगवंतराव म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता. "घाबरला असशीन बावा, पाय उशिरा गेला असन. होते असं. जा, पाच गावं करून ये." आणि ते घराकडे वळले.

कचरू तिथंच घोटाळला.

"माह्या पायाचा भरोसाच गेला, भाऊ," तो म्हणाला. "इतले दिवस म्या चुकीचाच दाबून राह्यलो असन. एकबार शिकवून देता काय मले?"

निवृत्ती खाली उतरला. नाही म्हणायला तोंड नव्हतं. कचरू वर चढून बसला. गळ्यातलं दावं त्याने पाठीवर टाकलं, चप्पल काढली आणि अनवाणी पाय पेडलवर ठेवून पार तळाला लावला. तळव्याच्या कडेला काळंनिळं झालं होतं, पेडलच्याच रुंदीचं.

"असाच ना?"

"हाव," निवृत्ती म्हणाला. "असाच."

कचरूने आधी पायाकडे पाहिलं, मग त्याच्याकडे.

"काल बी म्या असाच दाबला होता."