वॉर्ड पाचच्या नवसाबाई

सुलोचना गांगुर्डे पास झाली आणि पुढच्याच मंगळवारी नवसाबाई वॉर्ड सोडून गेल्या. यातल्या दुसऱ्या गोष्टीला वॉर्ड नंबर पाचने अजून मान्यता दिलेली नाही. तेव्हा ती घडलीच नाही असं धरून पुढं जाऊ.

साल एकोणऐंशी. नाशकातल्या एका सरकारी दवाखान्यात, बायकांच्या वॉर्डात, सुलोचना नर्स म्हणून लागली. सहा महिने तात्पुरती. सहा महिन्यांनी मेट्रनबाई स्वतः शेजारी उभ्या राहून इंजेक्शन द्यायला लावणार, आणि जमलं नाही तर बदली थेट सुरगाण्याच्या पलीकडे. नवरा सातपूरच्या कारखान्यात तीन पाळ्यांत अडकलेला, मुलगी दहा महिन्यांची. सुरगाण्याला जाणार कोण आणि मुलगी सांभाळणार कोण?

आणि सुलोचनाचा हात तर असा हलायचा, की पेशंटला वाटे, सिस्टर आपल्याला टाटा करतायत.

पहिल्याच आठवड्यात तिनं पिंपळगावच्या एका बाईला सुई टोचली. ती बाई ओरडली. ते ऐकून शेजारची ओरडली. आणि जिला कोणी हातही लावला नव्हता ती तिसरी रडायला लागली. सुलोचना चौथी.

"डोळे पूस," वॉर्डच्या मुख्य सिस्टर भागीबाई म्हणाल्या. "नवसाबाईंना विचार. मीपण त्यांनाच विचारते."

नवसाबाई वॉर्डात सगळ्यांत जुन्या. सिस्टर बदलत, डॉक्टर बदलत, नवसाबाई तिथंच. अंगात शिक्का मारलेले सरकारी पांढरे कपडे, जागा ठरलेली. दिवाळीलासुद्धा घरी गेल्या नव्हत्या. राउंडला आलेले डॉक्टर त्यांच्याशी दोन शब्द बोलल्याशिवाय पुढं सरकत नसत. जेवण, चहा, सगळं जागेवर. मेट्रनबाई आल्या तरी नवसाबाई उठून उभ्या राहत नसत, आणि मेट्रनबाईही त्यावर अवाक्षर काढत नसत. असतं एकेकाचं वजन.

"सुई आण बघू," नवसाबाई म्हणाल्या.

सुलोचनानं आणली.

"उकळली?"

"वीस मिनिटं."

"उकळली, पण पारखली का? शंभर जणींना टोचून आलेली सुई ही. टोकाला आकडा येतो. कापसावरून वढ."

सुलोचनानं सुई कापसावरून ओढली. कापूस सुईबरोबर निघाला.

"बघ. कापसाला सोडत नाय, ती माणसाला सोडंल का? दुसरी घे. आन् 'दुखणार नाही' असं कोणाला म्हणू नको. ते ऐकलं की लय दुखतं. त्यापेक्षा इचार, सून कशी हाय. उत्तर संपायच्या आत तुझं काम झालेलं असतं."

"आणि सून नसेल तर?"

"मग सासू इचार. काहीतरी असतंच."

नातेवाइकांसाठी त्यांचा उपाय वेगळा होता. "जो सगळ्यांत जास्त वरडतो, त्याच्या हातात सलाईनची बाटली द्यायची. वर धरून उभं राहा म्हणायचं. फोटो काढतायत असा गप उभा राहतो माणूस."

दुसऱ्याच दिवशी देवराम नावाचा एक गृहस्थ आठ माणसं घेऊन आला आणि डॉक्टरांच्या नावानं ओरडायला लागला. सुलोचनानं त्याच्या हातात बाटली दिली. देवराम पाऊण तास हात वर करून उभा राहिला आणि आवाज केला म्हणून बाकीच्या आठांना त्यानंच बाहेर काढलं.

सराव नवसाबाईंच्या उशीवर झाला, इंजेक्शनात नुसतं पाणी भरून. दोन महिन्यांत उशी पाणी पिऊन इतकी जड झाली, की झाडणाऱ्या कुसाबाईला ती एकटीला उचलेना.

परीक्षेच्या आदल्या दिवशी नवसाबाईंनी बजावलं, "उद्या मेट्रनपुढं मी तुला वळखत नाय. माझ्याकडं बघायचं नाय. सुईकडं बघायचं."

दुसऱ्या दिवशी मेट्रनबाई आल्या, चष्मा पुसला आणि बोट केलं. "कॉट अकरा."

कॉट अकराची बाई भिंतीकडे तोंड करून पडली होती. सुलोचनानं सुई घेतली, कापसावरून ओढली. कापूस अडकला. मेट्रनबाईंच्या देखत तिनं ती बाजूला ठेवली. दुसरीलाही अडकला. मेट्रनबाईंनी घड्याळ पाहिलं. तिसरी सुई अलगद निघाली.

"सून कशी आहे?" सुलोचनानं कॉट अकराला विचारलं.

"सून ना? सुनेचं असं हाय..."

"झालं."

"अगं, सुनेचं अजून सुरू कुठं केलं!" कॉट अकरा म्हणाली.

मेट्रनबाई हसल्या. त्या हसतात हे वॉर्डाला तेव्हा कळलं.

संध्याकाळी सुलोचनानं पेढे आणले. पहिला नवसाबाईंच्या तोंडात घातला आणि पायावर डोकं ठेवलं. "तुमच्यामुळं माझी मुलगी माझ्याजवळ राहिली, बाई."

"हळू, माझी कंबर!" नवसाबाई म्हणाल्या आणि पदराऐवजी चादरीनं डोळे पुसले.

मग तो मंगळवार. मोठ्या डॉक्टरांनी एका कागदावर सही केली, नवसाबाईंचा मुलगा लहानू टांगा घेऊन आला, आणि सगळा वॉर्ड खिडकीला लागला.

बुधवारी एक नवी नर्स रुजू झाली. तिच्या हातातला ट्रे आधी ऐकू आला, मग ती दिसली.

"घाबरू नको," सुलोचना तिला म्हणाली. "काही अडलं तर नवसाबाईंना..." आणि तडक भागीबाईंकडे गेली.

दुपारी भागीबाईंनी कोरा कागद घेतला. पाचही नर्सनी खाली सह्या केल्या.

"प्रति, माननीय वैद्यकीय अधीक्षक. विषय: कॉट क्रमांक अकरा. महोदय, कॉट अकरावरील रुग्ण नवसाबाई, राहणार विंचूर, या कमरेच्या हाडाच्या क्षयासाठी चौदा महिने उपचार घेऊन काल घरी गेल्या. त्यांचे आम्हा सर्वांवर अनंत उपकार आहेत. तरी त्या पूर्ण बऱ्या झाल्याचा शेरा रद्द करून, निदान नवीन नर्सचा हात बसेपर्यंत, त्यांना पुन्हा आजारी ठरविण्यात यावे, ही नम्र विनंती."