कोंबड्याचं पीस

“आमच्या नाकिमुलीने अजून मुलाचा हातसुद्धा धरलेला नाही हो!” मागणीच्या मांडवात नवरीची आत्या नाजेम्बा हिने छातीठोकपणे सांगितलं. तेवढ्यात नवरदेव सेबुन्याच्या मानेवरचा गोल, फिकट चट्टा कुणाला तरी दिसला आणि ‘कुष्ठ, कुष्ठ’ अशी कुजबुज सुरू झाली. आत्या गावची आरोग्यसेविका. नवरदेवाने मेहुण्यासाठी आणलेल्या मानाच्या कोंबड्याचं पीस उपटून तिने ते हळूच चट्ट्यावरून फिरवलं. सेबुन्या खिदळला.

“गुदगुल्या कळतात ना? मग कुष्ठ कसलं! साधा नायटा आहे, अंगाला अंग लागून होतो. मलमाची एक ट्यूब आणा कुणीतरी,” म्हणत ती कौतुकाने भाचीकडे वळली.



मग नाकिमुलीचा गाल कुरवाळल्यासारखं करत तिने त्यावरचा तसलाच गोल चट्टा तळहाताने झाकला. “दोन आणा.”