डाव संपेपर्यंत

राजाला जायला एकच घर उरलं होतं. तो राजा खेळवणारा तरुण, अतिशय, त्या घराकडे बघत बसला होता. खेळी करत नव्हता.

समोरच्या म्हाताऱ्याने शह देऊन बराच वेळ झाला होता. त्याचं नाव वेबर. निवृत्त रेल्वे इंजिनिअर. त्याने चष्मा पुसला, कॉफी आणली, सावकाश संपवली. पटावर विचार करण्यासारखं काही नव्हतं. अतिशयचा एक हत्ती केव्हाच फुकट गेला होता, तोही त्याच्याच चुकीने. दुसरा कोणीही असता तर तेव्हाच हात पुढे करून डाव सोडला असता.

जर्मनीत, ड्रेस्डेनजवळच्या एका गावातल्या शाळेच्या सभागृहात ही स्पर्धा होती. पहिल्या काही पटांवरचे डाव इंटरनेटवर थेट दिसत होते. आधीच्या दोन फेऱ्या जिंकल्यामुळे अतिशय त्या पटांवर आला होता. खेळाडूंचे मोबाईल नियमाप्रमाणे पंचांकडे जमा होते. आणि सांगलीत, विश्रामबागेतल्या घरात, खाटेवर उशीला टेकून त्याचे वडील हा डाव बघत होते.

मदनअण्णांचं मार्केट यार्डात हळदीचं दुकान. सकाळी जैन बस्तीत दर्शन घेतल्याशिवाय त्यांनी कधी दुकान उघडलं नाही, आणि दोन सौद्यांच्या मधे हळदीच्या पोत्यावर पट मांडल्याशिवाय त्यांचा दिवस गेला नाही. अतिशय त्याच पोत्यावर बुद्धिबळ शिकला. या उन्हाळ्यात अण्णांच्या किडनीने दगा दिला. दवाखान्यातून घरी आणल्यापासून ते भिंतीकडे तोंड करून पडून होते. कोणाशी बोलत नव्हते. अतिशयला जाता येत नव्हतं. त्याच्या व्हिसाचे कागद नूतनीकरणात अडकले होते. जर्मनी सोडली असती तर परत येता आलं नसतं.

सकाळी निघताना त्याने घरी फोन केला होता. बहिणीने, प्रीतीने उचलला.

"दादा, अण्णा उठून बसलेत! उशी लाव म्हणाले पाठीला. पोराचा डाव बघायचाय."

मग अण्णा स्वतः बोलले. आवाज खोल गेला होता, पण तोच होता. "समोर कोण हाय?"

"एक म्हातारा हाय, अण्णा. जर्मन."

"गोरा आसंल की लय. जरा सांगलीची हळद लाव त्याला. पिवळा पडला पायजे गडी."

मागून आईच्या हसण्याचा आवाज आला. कितीतरी दिवसांनी त्या घरात कोणी हसलं होतं.

तेवढ्यासाठी अतिशय खेळत होता. हत्ती गेला तेव्हाच त्याने मनाशी ठरवलं होतं. डाव चालू आहे तोवर अण्णा बसून राहतील. संपला की पुन्हा भिंतीकडे वळतील. जिंकणं आता त्याच्या हातात नव्हतं. लांबवणं होतं.

वेबरने पंचांना बोलावलं. पंच एक तरुण बाई होत्या. त्यांनी घड्याळ पाहिलं, पट पाहिला आणि वेबरला हळू आवाजात सांगितलं की वेळ अतिशयची आहे, तो ती वापरू शकतो.

वेबर अतिशयकडे वळला. "तरुण माणसा, राजाला एकच घर आहे. कशाची वाट बघतोस?"

"घरी कोणीतरी बघतंय," अतिशय म्हणाला.

म्हातारा खुर्चीत मागे टेकला. त्याने हाताची घडी घातली.

घड्याळ संपत आलं तेव्हा अतिशयने राजा हलवला. पुढचा शह आला. पुन्हा तो, प्रत्येक खेळीमागे वाढून मिळणारी सेकंदं पुरतील तितका वेळ, बसून राहिला. त्याने एक प्यादं पुढे ढकललं, ते मेलं. दुसरं ढकललं. शेजारचे पट रिकामे होत गेले. कोणीतरी खुर्च्या आवरू लागलं. लोक त्याच्याकडे बघत होते ते त्याला कळत होतं, आणि त्याला लाज वाटत होती. तरीही तो प्रत्येक खेळीला शेवटच्या क्षणापर्यंत थांबला.

शेवटी मात झाली. वेबरने हात मिळवला आणि कोट उचलला.

अतिशयने मोबाईल परत घेतला आणि बाहेरच्या व्हरांड्यात येऊन फोन लावला.

"प्रीती, अण्णा बसलेत ना अजून?"

"बसलेत." तिचा आवाज घोगरा झाला होता. "ओठ फुटलेत रं त्यांचे. सकाळी तुझा फोन ठिवला आणि हात जोडून नियम घेतला. पोराचा डाव संपेपर्यंत पाणी न्हाई. डॉक्टरांनी तासातासाला पाजायला सांगितलंय. आई पाया पडली, तरी ऐकलं न्हाई."

"मग इथल्या लोकांना फोन लावायचा! निरोप दिला असता मला कुणीबी!"

"लावत हुते. माझ्या हातातनं मोबाईल काढून घेतला. म्हणाले, लढतोय त्यो. मधे पडू नका."

अतिशयने भिंतीला हात टेकला.

"दे की आता! संपला डाव. हरलो मी, सांग त्यांना. आत्ता पाज, प्रीती, मी फोनवर हाय तवर पाज."

पलीकडे भांड्याचा आवाज झाला. प्रीती काहीतरी हळू बोलली, ते त्याच्याशी नव्हतं. मग ती फोनवर परत आली.

"तोंडाशी तांब्या धरलाय, दादा. खिडकीकडं बोट करतायत. इथं दिवस मावळला रं. आता उजाडल्याबिगर घोटभरसुद्धा घ्यायचे न्हाईत."