गुळगुळीत कडा

विद्यार्थिनी इनेझने ताजा फोडलेला दगड टेबलावर ठेवला आणि व्हर्ना त्यावर वाकली. दगडातल्या जीवाश्म पानाला करवतीसारखे दात होते. शेजारी त्याच खाणीतलं, त्याच जातीचं, व्हर्नाने अकरा वर्षांपूर्वी साफ केलेलं पान होतं. त्याची कड मात्र गुळगुळीत.

दातेरी पानांच्या जाती जास्त, तर हवा थंड. गुळगुळीत कडांच्या जास्त, तर उबदार. एवढ्या मोजणीवर प्रोफेसर ड्वाइट हॅस्केलने दाखवून दिलं होतं, की पाच कोटी वर्षांपूर्वी वायोमिंगचा हा डोंगर चांगला उबदार होता. त्यावरच त्याचं नाव झालं. नव्या फोडलेल्या दगडांवरची इनेझची मोजणी थंडी सांगत होती, म्हणून आज सकाळी त्याने तिला चारचौघांत झापलं होतं. "पोरी, दात कळत नसतील तर दंतवैद्याकडे शिकायला जा!" सगळे हसले. व्हर्नाही हसली. आता तिला त्या हसण्याचीच लाज वाटत होती.

तिने भिंग लावलं. गुळगुळीत कडेलगत बारीक ओरखडे दिसले. दगड साफ करायच्या सुईचे. शाळेच्या स्वयंपाकघरातून निवृत्त होऊन या प्रयोगशाळेत फुकट राबायला आलेली बाई ती. कडेला काही चिकटलेलं दिसलं की खरवडायचं, ही हाताची खोड. तिने खण उघडले. दुसरं पान, सातवं, चाळिसावं. खडे समजून तिने दात काढले होते. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

ती तडक हॅस्केलच्या खोलीत गेली. इनेझ मागोमाग.

"ड्वाइट, पोरगी बरोबर आहे. दात मीच खरवडले. तुझ्या सगळ्या कामाची मी माती केली." तिला रडू आवरेना. "सगळ्यांना मीच सांगते. तुला कोणी बोल लावणार नाही."

हॅस्केलने इनेझकडे पाहिलं आणि मान खाली घातली. त्याचे कान लाल झाले होते.

"रडू नकोस. तू साफ केलेली पहिली पेटी आली, तेव्हाच मला कळलं होतं."

"मग बोलला का नाहीस?"

"साफ करायला तिघंजण होते, व्हर्ना. त्यानंतर सगळी पानं मी फक्त तुझ्याकडे पाठवली."